दर्यातला निरोप आणि त्याची पोच

2017 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देवगड बंदरात परमुलखातल्या बोटींची एकाएकी गर्दी झाली. केरळ आणि तमिळनाडूच्या साठाहून जास्त बोटी आणि त्यांवर साडेनऊशेच्या आसपास माणसं. ओखी चक्रीवादळाच्या तडाख्यातून वाट काढत ही मंडळी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागली होती. ती नशिबाची म्हणायची, कारण त्याच वादळात शेकडो मच्छीमार घरी परतले नाहीत. वादळ अंगावर येतंय हे त्यांतल्या अनेकांना कळलंच नव्हतं. ओखीला नाव मिळायच्या कितीतरी दिवस आधी ते खोल दर्यात गेले होते. किनाऱ्यावर रेडिओ, टीव्ही, मोबाइल सगळीकडून इशारे सुटत होते, पण मोबाइलची रेंज किनारा सोडल्यावर दहा-बारा किलोमीटरवर संपते आणि बोटीवरचा वायरलेस त्याहून थोडा पुढे जातो. हे लोक होते शेकडो किलोमीटर आत.

अशी दुर्घटना झाली की सूचना येते ती ठरलेली: जास्त ताकदीचे सेट द्या. ती चुकते कुठे हे समजून घ्यायला बोटीवरचा साधा व्हीएचएफ सेट पुरेसा आहे. त्यावर एक बटण असतं, 25 वॅट आणि 1 वॅट. बहुतेक तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, ते कायम 25 वर ठेवतात. या सेटच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे, म्हणजे क्षितिज आलं की खेळ आटोपला. हवेमुळे लहरी जराशा खाली वाकतात, तेवढी सूट धरून एक सोपं सूत्र आहे: अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, त्याला 4.12 ने गुणायचं, आलं उत्तर किलोमीटरमध्ये. बोटीवरची अँटेना पाण्यापासून 4 मीटर उंच असेल तर तिचं क्षितिज 8 किलोमीटरवर. समोरची बोटही तशीच असेल तर दोघांचे मिळून 16. म्हणजे नजरेआड झालेल्या बोटीशी बोलताना जो आवाज तुटतो, तो सेट कमजोर म्हणून तुटत नाही. 25 चे 100 वॅट केले तरी क्षितिजाआडच्या सावलीत थोडी जास्त कुजबुज पोचेल, इतकाच फरक.

किनाऱ्यावरची अँटेना मात्र 100 मीटरवर नेली तर तिच्या वाट्याचे 41 किलोमीटर होतात आणि 4 मीटरवाल्या बोटीशी सुमारे 49 किलोमीटरपर्यंत बोलता येतं. इथे कोकणाला निसर्गानेच हात दिला आहे. समुद्राला भिडलेले उंच सडे आहेत, त्यांवर साधा खांब उभा केला तरी जे क्षितिज मिळतं ते सपाट किनाऱ्यावर मोठा मनोरा बांधून मिळतं. बोटीवरही डोलकाठीच्या टोकाला दोन मीटर चढवलेली अँटेना ही महागड्या सेटपेक्षा फायद्याची खरेदी असते.

उंचीच्या जोडीला अँटेनाचा आकार येतो आणि इथे दुकानदार हमखास फसवतो. ‘9 डीबी गेन’ लिहिलेली लांब काठी ‘3 डीबी’च्या काठीपेक्षा भारी, असं तो सांगतो. गेन म्हणजे नवी ताकद नव्हे. भाकरी थापली की पसरते पण पातळ होते, पीठ तेवढंच राहतं, तसंच हे. 9 डीबीची अँटेना लहरींना चेपून पातळ आडव्या पट्ट्यात पाठवते. बंदरात नांगरलेल्या मोठ्या जहाजावर ते उत्तम. पण लाटांवर वीस-पंचवीस अंशांनी डुलणाऱ्या छोट्या बोटीवर हा पातळ पट्टा एकदा आभाळात जातो, एकदा पाण्यात, आणि समोरच्याला एक शब्द ऐकू येतो, दोन गायब होतात. लहान होडीवर 3 डीबीची आखूड अँटेना कमी अंतरावर पोचते पण सलग ऐकू येते, आणि अडचणीच्या वेळी सलगपणाच हवा असतो.

मग येते वायर. हिच्याकडे कोणी बघत नाही. सेट आणि अँटेना जोडणारी बारीक केबल, आरजी-58 नावाची, स्वस्त म्हणून सर्रास वापरली जाते. तिच्या 10 मीटरमध्ये व्हीएचएफची जवळपास 2 डीबी ताकद जिरते, म्हणजे 25 पैकी 9 वॅट वायर गरम करण्यात गेले. तेवढीच गळती येणाऱ्या आवाजालाही लागते. जाड आरजी-213 वापरली तर हा तोटा निम्म्यावर येतो. आणि खारी हवा! जोडणीच्या पितळी टोपीतून एकदा पाणी शिरलं की ते केबलच्या तांब्याच्या जाळीतून आत आत झिरपत जातं. वरून केबल नवी दिसते. कापून बघितली तर आतलं तांबं काळंहिरवं झालेलं. स्वतःलाच चिकटणाऱ्या रबरी टेपचे दोन वेढे हंगामाच्या सुरुवातीला मारले की हा प्रकार टळतो. खर्च म्हणाल तर चहा-वड्याचा.

अलीकडे एक नवा चोर आला आहे, एलईडी दिवा. स्वस्त एलईडीच्या आतलं सर्किट रेडिओ गोंगाट करतं आणि अँटेनाजवळ बसवलेला दिवा शेजारच्या बोटीचा आवाज गिळून टाकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 2018 मध्ये याबद्दल रीतसर इशारा काढला होता. तपासायची पद्धत अगदी सोपी आहे. शांत चॅनल लावा, स्क्वेल्चचं बटण खरखर जेमतेम बंद होईल इतपतच फिरवा, आणि दिवा लावा. खरखर पुन्हा सुरू झाली तर दिवा दोषी.

आतापर्यंतचा सगळा हिशेब बोटीवरचा होता. समुद्र स्वतः काय करतो ते जास्त रंजक आहे.

कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरींना समुद्र खूप मानवतो. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे 2 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी पाण्याच्या पाठीला धरून क्षितिजापलीकडे वळत जातात. जमिनीवर त्यांचा लवकरच दम संपतो. म्हणून 2182 किलोहर्ट्झ ही संकटाची फ्रिक्वेन्सी जहाजांनी कित्येक दशकं जपली. त्याहून वरच्या शॉर्टवेव्ह लहरी आभाळातल्या आयनोस्फिअरवरून परतून हजारो किलोमीटर जातात, पण त्यांच्या वेळा सांभाळाव्या लागतात. 1902 मध्ये मार्कोनी ‘फिलाडेल्फिया’ या जहाजावरून अमेरिकेला जात होता. इंग्लंडहून येणारे संकेत त्याला दिवसा 700 मैलांवर मिळेनासे झाले आणि रात्री 2000 मैलांवरही मिळाले. त्याच्या लहरी शॉर्टवेव्हहून बऱ्याच लांब होत्या, पण दिवस-रात्रीचा हा खेळ दोन्हींना लागू. सूर्य मावळला की खालचे थर विरतात आणि वाट मोकळी होते. रेडिओ ऑफिसर दिवसा एक फ्रिक्वेन्सी आणि रात्री दुसरी का वापरायचे, त्याचं मूळ यात आहे.

वरच्या टोकाला मायक्रोवेव्ह. किनारा आणि बेट, किनारा आणि तेलाचा फलाट यांना जोडणारे वाय-फायसारखे दुवे याच टापूत चालतात आणि इथे समुद्र आरसा होतो. एक लहर सरळ जाते, दुसरी पाण्यावरून परावर्तित होऊन. परावर्तनात दुसरीची उलटापालट होते. दोघींच्या वाटांतला फरक बरोबर एका तरंगलांबीचा, दोनचा किंवा तीनचा असला की त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि भर उन्हात, स्वच्छ हवेत, समोर दिसणाऱ्या अँटेनाशी संपर्क तुटतो. गंमत अशी की खवळलेल्या समुद्रात हा त्रास कमी होतो. लाटा परावर्तित लहर विस्कटून टाकतात. संकेत थरथरतो, पण ठार मरत नाही. खरा दगा देतो तो तेलासारखा शांत समुद्र.

त्यात भरती-ओहोटी. समजा साडेपाच गिगाहर्ट्झचा दुवा आहे, किनाऱ्यावरची अँटेना 30 मीटर उंच आणि समोरची 5 किलोमीटरवर. तिथे खाली-वर सरकत गेलं तर दर साडेचार मीटरवर एक मृत जागा सापडते. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी जवळपास तेवढंच चढतं-उतरतं. म्हणजे अँटेना हलली नाही तरी पाण्याचा आरसा हलला, आणि सकाळी धो धो चालणारा दुवा दुपारच्या भरतीला बसला. बसवणारा माणूस ओहोटीत येऊन सगळं नीट तपासून सही करून गेलेला असतो! उपाय म्हणजे एकाच खांबावर दोन अँटेना, एकमेकींपासून सव्वादोन मीटर अंतरावर, वर-खाली. एक मृत जागेत सापडली की दुसरी सर्वात बळकट जागी असते, आणि यंत्र क्षणोक्षणी दोघींतली चांगली निवडतं. यात ताकद एक वॅटनेही वाढलेली नाही.

समुद्र कधीकधी उदारही होतो. पाण्यालगतची हवा ओलसर असते, वर गेलं की झपाट्याने कोरडी होते. हा फरक तीव्र असला की लहरी त्या ओल्या थरात अडकून पृथ्वीच्या वळणाबरोबर वळत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला बसवलेल्या 200 मेगाहर्ट्झच्या रडारला उन्हाळ्यात हजार मैलांपलीकडच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळत. पाऊस लागला की हा चमत्कार बंद. अरबी समुद्रावरच्या या गोष्टीचा दाखला रडारच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत आजही सापडतो. ऐकायला छान वाटतं, पण संपर्काचं जाळं आखणाऱ्याने असले दिवस हिशेबात धरू नयेत. मे महिन्यात चाचणी घेऊन ‘दीडशे किलोमीटर रेंज’ असं लिहून टाकलं, तर वादळाच्या दिवसांत त्या आकड्यावर कोणाचा तरी जीव टांगलेला असेल.

पाण्यातला आणि हवेतला हा सगळा लहरीपणा गृहीत धरून निरोप कसा पोचवायचा? माझ्या मते गेल्या शतकातली सर्वात हुशार युक्ती सर्वात साधी आहे: तेच पुन्हा सांगा, पण थोडं थांबून. किनाऱ्यावरून जहाजांना हवामानाचे इशारे देणारी नॅव्हटेक्स सेवा 518 किलोहर्ट्झवर चालते. ती प्रत्येक अक्षर दोनदा पाठवते. लागोपाठ पाठवलं तर विजेचा एक कडकडाट दोन्ही प्रतींचा फडशा पाडेल, म्हणून दुसरी प्रत 280 मिलिसेकंदांनी, मधे दुसरी अक्षरं घालून. शिवाय प्रत्येक अक्षर सात ठोक्यांचं, आणि त्यांत एका प्रकारचे ठोके नेहमी बरोबर चार. मोजून तीन किंवा पाच भरले की यंत्राला कळतं, हे अक्षर बिघडलं, दुसरी प्रत बघू. दोन्ही बिघडल्या तर ते चुकीचं अक्षर छापत नाही, तिथे खूण करून जागा सोडतं. खलाशाला चुकीचा आकडा देण्यापेक्षा रिकामी जागा बरी, हा विचार त्यामागे आहे.

हीच विद्या डीएससीमध्ये, म्हणजे सेटवरच्या झाकणाखालच्या लाल बटणात आहे. ते दाबून धरलं की चॅनल 70 वर बोटीचा नऊ आकडी नंबर (भारतीय बोटींचा 419 ने सुरू होतो), आणि जीपीएस जोडलेला असेल तर जागा, हे सगळं दुहेरी होऊन जातं. त्यातली दहा ठोक्यांची रचना अशी की शेवटचे तीन आधीच्या सातांतली शून्यं मोजून सांगतात. आवाज तुटका असला तरी चालतो, भाषा वेगळी असली तरी चालते. पलीकडच्या सेटवर भोंगा वाजतो. हा भोंगा महत्त्वाचा. 1912 च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ बुडत होतं तेव्हा जवळच थांबलेल्या ‘कॅलिफोर्नियन’चा एकुलता एक बिनतारी कर्मचारी काम संपवून झोपला होता. लहरी पोचल्या होत्या, ऐकायला माणूस नव्हता. चोवीस तास कान देण्याचं काम यंत्रावर सोपवणारी जागतिक व्यवस्था, जीएमडीएसएस, पूर्णपणे लागू व्हायला 1 फेब्रुवारी 1999 उजाडला.

माणसाच्या सवयी मात्र तशाच राहतात. चॅनल 16 हा हाक मारण्याचा आणि संकटाचा. हाक मारायची, दुसऱ्या चॅनलवर जायचं आणि मग बोलायचं, असा नियम आहे. त्यावर मासळीच्या भावाच्या गप्पा चालल्या की ‘मेडे’ ही संकटाची हाक दबते. व्हीएचएफ एफएमवर चालतो आणि एफएमचा स्वभाव असा की दोघे एकदम बोलले तर जोरात येणारा एकटाच ऐकू येतो. दबलेल्याला आपण दबलो हे कळतही नाही. कुठल्या तरी बोटीवर माइकचं बटण दोरखंडाखाली दाबून राहिलं तर आख्खा चॅनल तासभर बंद. म्हणून तर समोरच्याने आपली जागा, बोटीचं नाव परत वाचून दाखवेपर्यंत निरोप पोचला असं धरत नाहीत. मेडे तीनदा म्हणायचं, तेही याच हिशेबाने.

क्षितिज ओलांडायचं तर शेवटी आभाळातच जावं लागतं. ईपर्ब नावाचं पिवळं किंवा केशरी यंत्र बोट बुडाली की सुटून तरंगतं आणि 406 मेगाहर्ट्झवर दर 50 सेकंदांना अर्धा सेकंद ओरडतं. ताकद फक्त 5 वॅट, बोटीवरच्या सेटच्या पाचव्या हिश्शाइतकी. पण त्याच्या आणि उपग्रहाच्या मधे क्षितिज नाही. त्यातही एक बारकावा आहे. हे 50 सेकंद मुद्दाम थोडे मागेपुढे केलेले असतात, नाहीतर दोन यंत्रं एकाच वेळी सुरू झाली तर कायम एकमेकांच्या आवाजावर ओरडत राहतील. भारतात हे संकेत बंगळूरु आणि लखनऊच्या केंद्रांवर उतरतात आणि तिथून तटरक्षक दलाकडे जातात.

लहान मच्छीमार बोटींसाठी इस्रोने 2010 पासून डॅट हे स्वस्त संकटसूचक यंत्र दिलं. वीस हजारांहून जास्त बोटींवर ते गेलं. त्यात उणीव एकच होती: बटण दाबल्यावर निरोप गेला की नाही हे दाबणाऱ्याला कळत नसे. ओखीनंतर 2019 मध्ये आलेलं जेमिनी हे यंत्र बरोबर उलट बाजूने लंगडं होतं. गगन उपग्रहसेवेवरून वादळाचे इशारे आणि मासळीच्या जागा बोटीपर्यंत येत, ब्लूटूथने मोबाइलवर दिसत, पण बोटीवरून काही सांगता येत नसे. 2024 मध्ये इस्रोने डॅटची दुसरी पिढी आणली, तिच्यात पोच परत येते. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनी ईपर्बसाठी अशी परतपोच 2020 पासून सुरू केली होती. पाण्यात पडलेल्या माणसाला ‘कळलंय, येतोय’ एवढं कळलं तर तो तराफा सोडून पोहत निघत नाही. बचावाच्या कामात याला फार किंमत आहे.

30 ऑगस्ट 2024 ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते आणखी मोठी योजना सुरू झाली, किनारी राज्यांतल्या एक लाख यांत्रिक बोटींवर उपग्रहाशी दुतर्फा बोलणारे ट्रान्सपाँडर बसवण्याची. तांत्रिकदृष्ट्या ओखीच्या प्रश्नाला हे खरं उत्तर आहे. पण बंदरावर बोलून बघा, तांडेलाला पहिली शंका वेगळीच येते: माझी मासळीची जागा कोणाकोणाला दिसणार? चांगली जागा बापाने मुलाला सांगावी अशी गोष्ट, ती नकाशावर ठिपका होऊन फिरणार म्हटल्यावर यंत्राची वायर ‘चुकून’ निघते. मोठ्या बोटी याच कारणाने आपली जागा सांगणारं एआयएस यंत्र बंद ठेवतात, हे जगभर दिसलं आहे. माहिती कोण बघणार, किती दिवस ठेवणार, हे लेखी सांगितल्याशिवाय ही वायर परत जोडली जाणार नाही.

दुसरी अडचण साधी आहे. फक्त संकटात लागणारं यंत्र केबिनच्या कोपऱ्यात जाळ्याखाली पडून राहतं, त्याची बॅटरी उतरलेली कळत नाही. याच यंत्रावर हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा मासळीच्या संभाव्य जागांचा रोजचा अंदाज आला, घरी दोन ओळींचा निरोप पाठवता आला, तर तांडेल ते स्वतःहून चार्ज करतो, वरची धूळ पुसतो, आणि पडद्यावर पोचेची खूण उमटली नाही तर त्याच संध्याकाळी बंदरावर मेकॅनिक शोधतो.